आयसीयूत पोराला उपाशी ठेवलंय का?

पत्र:

ताई, माझा भाचा आठ वर्षांचा. जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) झालाय. आधी जुलाब झाले, मग आठवडाभरानं पाय लटपटायला लागले आणि दोन दिवसांत व्हेंटिलेटरवर गेला. तिसऱ्या आठवड्यात गळ्याला भोक पाडून ट्रॅक्यॉस्टॉमी केली. आता सहावा आठवडा चालू आहे, बोटं थोडी हलायला लागलीत, फिजिओथेरपी सुरू झालीय. नाकातल्या नळीतून फॉर्म्युला दूध चालू आहे, तासाला ४० मिली, चोवीस तास. भावानं हिशोब केला तर ९६० कॅलरी होतात, आणि नेटवर बघितलं तर या वयाला १७०० लागतात! वजन २२ वरून २० वर आलंय, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीनही कमी आलं. डॉक्टर म्हणतात पुरेसं आहे, ताकदीचं सलाईन लावा म्हटलं तर तेही नाही म्हणाले. आई रडते, म्हणते पोराला उपाशी मारतायत. तिनं साताऱ्याहून घरचं तूप पाठवलंय, भाऊ म्हणतो गपचूप दुधात घालून नळीतून देऊ. आम्ही भांडावं का? हॉस्पिटल बदलावं का?
— एक आत्या, चिंचवड

उत्तर:

प्रिय आत्या,

आधी तुपाचं बघू कारण ते आज रात्रीच होऊ शकतं. नळीतून तूप घालू नका, गपचूप तर अजिबातच नको. पोराची नळी बारीक असते, तूप गार झालं की आत चिकटतं, नळी चोक होते, मग ती काढून नवीन घालायची, परत एक्सरे, परत चार तास फीड बंद, म्हणजे ४५ कॅलरीचं एक चमचा तूप द्यायला जाऊन दीडशे कॅलरी घालवल्या. आणि दुसरं म्हणजे सिस्टरना माहीत नसताना काही गेलं आणि रात्री उलटी झाली, जुलाब झाले, तर डॉक्टर त्याचं कारण भलतीकडेच शोधत बसणार. तूप ठेवून द्या, पोरगं तोंडानं खायला लागेल तेव्हा भातावर घालायचंच आहे.

आता मुख्य मुद्दा. मी मुलांच्या आयसीयूत डाएटिशियन म्हणून काम केलंय आणि हा १७०० चा कागद घेऊन येणारे आईबाप मला नवीन नाहीत. तो आकडा खोटा नाहीये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे तक्ते काढले त्यात ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १७०० च लिहिलंय. पण ते कोणत्या मुलाला? साधारण २५ किलोचा, शाळेत जाणारा, संध्याकाळी खाली क्रिकेट खेळणारा, आणि वाढणारा. तुमचा भाचा यातलं काय करतोय सध्या? पळत नाही, उभा राहत नाही, बसत पण नाही, आणि इतके दिवस श्वास घ्यायचं काम सुद्धा मशीननं केलं. त्यात सुरुवातीला झोपेची औषधं असणार, त्यानं खर्च अजून खाली येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे लोकांना माहीत नसतं ते म्हणजे मोठ्या आजारात शरीर उंची-वजन वाढवण्याचं काम बंदच करून टाकतं. त्या वाढीसाठी ज्या कॅलरी लागतात त्या तेव्हा दिल्या तरी वाढीला लागत नाहीत.

मग डॉक्टर आकडा काढतात कुठून? स्कोफिल्ड नावाचं एक सूत्र आहे, १९८५ चं, जगभर मुलांच्या आयसीयूत तेच जास्त वापरतात. ३ ते १० वर्षांच्या मुलग्यासाठी वजनाला २२.७ नी गुणायचं आणि त्यात ५०४ मिळवायचे. २२ किलोला करा, हजाराच्या आसपास येतं. २० किलोला करा, ९५८ येतं. म्हणजे तुमच्या भावानं जे ९६० काढलेत ते बघा कुठे जाऊन बसतात! हे निव्वळ पडून राहिल्यावर शरीराला हृदय, मेंदू, यकृत चालवायला जेवढं लागतं तेवढं. तासाला ४० मिली हा दर कुणी मनाला येईल तसा लावलेला दिसत नाही.

आणि हे कंजुषी म्हणून नाही करत. आजार ऐन भरात असतो ना, पहिला आठवडा दहा दिवस, तेव्हा शरीर स्वतःच आतून साखर तयार करून रक्तात सोडत असतं, तुम्ही बाहेरून कितीही घाला ते आतलं काही थांबत नाही. दोन्ही मिळून जास्त होतं. जास्त झालं की शुगर वाढते, यकृतात चरबी साठते, आणि कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. हा शेवटचा मुद्दा तुमच्या पोराला फार लागू आहे कारण तो जादाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला फुप्फुसांना जास्त काम पडतं, आणि व्हेंटिलेटर सोडवायच्या वेळी, म्हणजे वीनिंग म्हणतात ते, नेमकं तेच काम कमी हवं असतं. पूर्वी आजारी आहे म्हणून दीडपट करा, ताप आहे म्हणून अजून वाढवा असं गुणायची पद्धत होती. ताप आला की एका डिग्रीला साधारण दहा टक्के खर्च वाढतो हे खरंय, पण औषधांनी झोपलेल्या मुलाचा तो कमीही झालेला असतो, त्यामुळे आता सुरुवातीच्या दिवसांत असं सरसकट गुणत नाहीत.

ताकदीच्या सलाईनचं पण इथेच सांगून टाकते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ८५ कॅलरी असतात, जेमतेम एक पोळी. त्यात ताकद वगैरे काही नाही. तुम्हाला जर पिशवीतलं पूर्ण अन्न शिरेतून द्यायचं ते म्हणायचं असेल, टीपीएन, तर त्यावर २०१६ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातल्या आयसीयूंमधल्या १४४० मुलांचा मोठा अभ्यास आलाय. निम्म्या मुलांना ते पहिल्या दिवसापासून दिलं, निम्म्यांना आठवडाभर थांबून, आणि थांबलेल्या मुलांना इन्फेक्शन कमी झालं, आयसीयूतून लवकर बाहेर पडली. पोट चालत असेल तर नळीतून पोटातच द्यायचं, उगाच शिरेतून नाही. डॉक्टर नाही म्हणाले ते बरोबर म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल ही बाई डॉक्टरांचीच बाजू घेतेय. थांबा.

पहिले दोन-तीन आठवडे हजार कॅलरी बरोबर होत्या, पण आता सहावा आठवडा आहे आणि तुम्ही लिहिताय की बोटं हलतायत, व्यायाम सुरू झालाय. म्हणजे आजाराचा पहिला जोर ओसरलाय. आणि इथे माझ्या मते खरी गडबड होते, बहुतेक लांब राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत होते. पहिल्या आठवड्यात कुणीतरी नीट गणित करून दर लावला, तो फाइलीत चढला, रोजच्या राउंडला 'फीड्स कंटिन्यू' एवढंच लिहिलं जातं, सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे, इन्फेक्शनकडे, आणि तो ४० चा आकडा तसाच राहतो. कुणाचा वाईट हेतू नसतो त्यात. पण पोराची गरज मात्र तीच राहत नाही. आजार स्थिर झाला की पडून राहण्याच्या खर्चावर अजून भर टाकावी लागते, व्यायामासाठी, राहिलेली भरपाई करायला, आणि थांबलेली वाढ परत सुरू व्हायला. सावरायच्या टप्प्यात हे दीडपट, काही मुलांत त्याहून वरही जातं. तुमच्या भाच्याला मात्र एकदम तेवढं लागेल असं मला वाटत नाही कारण जीबीएसमध्ये स्नायू अजून ढिले आहेत, बोटं हलली म्हणजे पोरगं पळायला लागलं असं नाही, आणि ज्या मुलांची हालचाल कमी असते त्यांचा खर्चही कमीच असतो. त्यामुळे आकडा आता ९६० आणि १७०० च्या मधे कुठेतरी असायला हवा, नेमका कुठे ते त्याला तपासणाऱ्यांनीच ठरवायचं. तुम्ही विचारायचं एवढंच की हे गणित शेवटचं कधी केलं होतं?

हा प्रश्न 'पोटभर देताय का' पेक्षा फार वेगळा आहे. पोटभर देताय का विचारलं की उत्तर हो असंच येणार.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, चोवीस तासांत प्रत्यक्षात गेलं किती? ऑर्डर ९६० ची आहे, पण आयसीयूत फीड सारखं बंद होत असतं. एमआरआयला न्यायचंय, बंद. गळ्यातली ट्रॅकची (ट्रॅक्यॉस्टॉमीची) नळी बदलायचीय, बंद. फिजिओच्या आधी बंद, पोट फुगलं म्हणून बंद, नळी सरकली म्हणून एक्सरे होईपर्यंत बंद. बंद करतात ते बहुतेकदा योग्य कारणासाठीच, पण चालू करायला उशीर होतो, एनबीएमची, म्हणजे 'पोटात काही द्यायचं नाही' अशी पाटी तशीच लटकत राहते. रोज चार तास असे गेले तर ९६० चे ८०० झाले, आणि महिनाभरात ती तूट मोठी होते. प्रत्येक पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट असतो, सिस्टरना प्रेमानं विचारलं तर कालचं किती गेलं ते सांगतात. भावाला सांगा तीन-चार दिवसांचे आकडे वहीत लिहून घ्यायला आणि मग बोलायला. काही ठिकाणी राहिलेलं फीड पुढच्या तासांत दर वाढवून भरून काढतात, ते इथे करता येईल का हेही विचारा.

आणि तिसरं, प्रोटीन. तुमच्या पूर्ण पत्रात प्रोटीन हा शब्दच नाहीये, सगळं कॅलरीवरच अडलंय, आणि मला विचाराल तर मी आधी इथेच बोट ठेवेन. निरोगी ७-९ वर्षांच्या मुलाला रोज २३ ग्रॅम प्रोटीन पुरतं असं तो हैदराबादचाच तक्ता सांगतो. आयसीयूतल्या मुलाला किलोमागे कमीत कमी दीड ग्रॅम द्यावं असं आता जगभर मानतात, म्हणजे २२ किलोला ३३ ग्रॅम. बघा गंमत, कॅलरी निरोगी मुलापेक्षा कमी आणि प्रोटीन निरोगी मुलापेक्षा जास्त! कारण मोठ्या आजारात शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यातलं प्रोटीन वापरतं, दुष्काळात पेरणीचं बियाणं दळून खावं तसं, आणि हे नुसत्या साखर-तेलानं थांबत नाही. आता पावडरच्या डब्यावर बघा, मुलांच्या पुष्कळ फॉर्म्युल्यांमध्ये १०० मिलीला अडीच ते तीन ग्रॅम प्रोटीन असतं. ९६० मिलीला ते २४ ते २९ भरतं. मग ३३ ला कमी पडतंय का? पडत असेल तर डाएटिशियन त्यात वेगळं प्रोटीन मिसळून देऊ शकतात किंवा फॉर्म्युला बदलू शकतात, दूध न वाढवताही. पण व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलेला जिमचा डबा आणून स्वतः नका मिसळू, किडनीचे रिपोर्ट बघून ठरवायची गोष्ट आहे ती.

वजनाचं. दोन किलो गेले हे वाचून मलाही बरं नाही वाटलं, पण त्याचा अर्थ सरळ नाहीये. जीबीएसमध्ये मज्जातंतूंकडून स्नायूंना हुकूमच पोचत नाही म्हणून स्नायू वाळतात, कितीही खायला घातलं तरी थोडे वाळणारच. ॲडमिट झाल्यावर सलाईननं अंगाला सूज होती का? ती उतरली तरी वजन उतरतं. आणि उलटंही होतं, कॅलरी जास्त दिल्या तर पडून असलेल्या मुलाचं वजन भरतं पण ती चरबी असते, काटा छान दिसतो आणि स्नायू गेलेलेच असतात. म्हणून आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन, आणि दंडाचा घेर टेपनं, हे दोन्ही लिहून ठेवायला सांगा. अल्ब्युमिन सोडून द्या. ते सूज, इन्फेक्शन असलं की आपोआप खाली येतं, पोटात काय गेलं हे त्यावरून कळत नाही, तरी लोक रिपोर्टमधल्या त्या लाल आकड्यावर रात्र रात्र जागतात.

खर्च मोजायचं एक मशीन असतं हेही तुमच्या कानावर आलं असेल, इनडायरेक्ट कॅलरीमेट्री. मूल किती ऑक्सिजन वापरतं आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतं यावरून खऱ्या कॅलरी काढतात. सूत्रापेक्षा ते केव्हाही चांगलं, कारण सूत्र शेवटी निरोगी लोकांच्या मोजमापावरून बनलंय आणि इतके आठवडे पडून असलेल्या मुलाला ते वर-खाली चुकू शकतं. तुमच्याकडे असेल तर अशाच मुलासाठी वापरायचं असतं, विचारा. पण सगळीकडे नसतं, आणि ट्रॅकच्या बाजूनं हवा लीक होत असेल किंवा ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर लागत असेल तर आकडा भरवशाचा येत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी हॉस्पिटल बदलायची गरज नाही. व्हेंटिलेटरवरचं मूल ॲम्ब्युलन्समध्ये घालून हलवणं ही काय साधी गोष्ट नाहीये.

वाढवायचं ठरलं तरी ते हळूहळूच होईल, एका दिवसात ४० चं ७० नाही. बरेच दिवस कमी मिळालेल्या मुलाला एकदम जास्त दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली जातं आणि ते धोक्याचं असतं, म्हणून रिपोर्ट बघत बघत वाढवतात. जीबीएसमध्ये आतडीही मंद पडतात, पोट फुगतं, शौचाला होत नाही, अशा वेळी जास्त दूध घालण्यापेक्षा तेवढ्याच दुधात जास्त कॅलरी असलेला फॉर्म्युला बरा पडतो. डाळीचं पाणी, पेज, चिकन सूप याचा प्रॉब्लेम इथेच आहे बघा, आजींना वाईट वाटेल पण त्यात बहुतेक पाणीच असतं आणि पोटातली जी थोडी जागा आहे ती त्यानंच भरते. शिवाय घरून आणलेलं पातळ अन्न तासन् तास बाहेर राहिलं की त्यात जंतू वाढतात, पावडरचं कालवलेलं दूधसुद्धा टांगल्यावर चार तासांच्या वर ठेवत नाहीत.

हो आणि कॅल्शियमचं सिरप कुणी सुचवलं तर थांबा. इतके आठवडे हालचाल नसलेल्या मुलांच्या हाडांतून कॅल्शियम बाहेर पडून रक्तात वाढू शकतं, हाडं मजबूत करायला म्हणून दिलेलं कॅल्शियम तेव्हा उलट त्रास देतं. व्हिटॅमिन डी पण डॉक्टरांना विचारूनच.

भांडावं का विचारलंत. नको. म्हणजे तुमचा राग समजतो, आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर सहा आठवडे काढल्यावर माणूस कुणावर तरी चिडणारच, पण राउंड चालू असताना दारात उभं राहून 'उपाशी ठेवताय' म्हटलं तर समोरचाही बचावात जातो. त्यापेक्षा डॉक्टर आणि डाएटिशियन दोघं एकत्र असतील अशी दहा मिनिटं मागून घ्या आणि वहीत लिहूनच न्या: गणित शेवटचं कधी केलं आणि कोणतं वजन धरलं, ठरवलेल्यातलं रोज खरं किती गेलं, प्रोटीन किलोमागे किती पडतंय, आणि इथून पुढे दर आठवड्याला हे परत बघणार का. एवढं विचारून 'पुरेसं आहे' शिवाय काहीच उत्तर आलं नाही, दोनदा आलं नाही, तर मग बाहेरच्या मुलांच्या डाएटिशियनचं सेकंड ओपिनियन घ्या. चार्टचे फोटो दाखवून घेता येतं, पोराला हलवावं लागत नाही.

आजींना माझा निरोप द्या की पोरगं उपाशी नाहीये. त्यांना काही करायचंय तर त्याच्याशी बोलायला सांगा, फोनवरून का होईना. जीबीएसमध्ये हातपाय हलत नसले तरी मुलाला सगळं ऐकू येतं, कळतं. तोंडानं खाणं कधी हे मात्र घाईनं नको, घशाचे स्नायू पण कमजोर असतात, गिळताना श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, म्हणून स्पीच थेरपिस्ट आधी गिळण्याची टेस्ट घेतात आणि मगच चमचाभर काहीतरी घट्टसर देऊन सुरुवात करतात. नळी अजून बरेच आठवडे लागणार असं दिसलं तर डॉक्टर पोटातून नळी बसवायचा विषय काढतील, पेग म्हणतात तिला, ते ऐकून घाबरू नका, नाकातली नळी सारखी निघण्यापेक्षा ते सोपं पडतं आणि नंतर काढताही येते.

घरी सोडतील तेव्हा चोवीस तासांचं फीड बंद करून दर तीन-चार तासांनी एकदम द्यायचं शिकवतील, ते तिथे असतानाच सिस्टरच्या समोर दोन-चार वेळा स्वतः करून बघा, भाऊ आणि वहिनी दोघांनीही. आणि घरी आल्यावर खरं सांगू का, अशा मुलांचं बरेचदा उलटंच होतं. अख्खं घर लाडानं भरवत राहतं, पोरगं अजून खुर्चीतच बसलेलं असतं, आणि वजन भराभर वाढतं, मग फिजिओला त्याला उभं करणं जड जातं आणि श्वासालाही त्रास होतो. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर रोजच्या कॅलरी आणि प्रोटीनचा आकडा लिहून मागा, पुढचं वजन कधी आणि कुठे करायचं ते पण लिहून घ्या, आणि चालायला लागला की तो आकडा परत बदलून घ्या.